मधलं बेअरिंग

९ ऑगस्ट
पद्मिनी गाडीवरची ताडपत्री काढली. अठरा वर्षांनी. मागच्या सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं. हँडल लावून बघितलं, इंजिनाचा क्रँक जागचा हलत नाही. चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं. भिजू दे.
आप्पा शेडच्या दारात खुर्ची टाकून. दोन्ही हात मांड्यांखाली. हात थरथरायला लागल्यापासून तसेच बसतात.
"वरचं हेड काढ. खालच्या भागाला हात लावू नको."
का, ते सांगितलं नाही.
"तीन वर्सं चाकणला काय केलंस मग, इंजिनेर बाई? नट मोजले?"
मोजलेच. तेच काम होतं. कंपनीनं कामावरून कमी केलं तेव्हाही मोजूनच अकरा जणांना केलं, त्यात मी.

१४ ऑगस्ट
हेड काढलं. वरून सगळं ठीक. पिस्टन ठीक, सिलिंडरला ओरखडा नाही. मग जाम कशानं?
घरात याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मामानं तेल न बघता गाडी पळवली.
दिलीपमामा, आईचा धाकटा भाऊ. मंचरच्या गॅरेजात आप्पांच्या हाताखाली होता. आप्पांनी हे इंजिन स्वतः बांधलं, आठ दिवसांनी मामा गाडी घेऊन जुन्नरला निघाला, घोडेगावच्या अलीकडच्या चढावर इंजिन बसलं. आप्पांनी तिथं जाऊन त्याला कंबरेच्या पट्ट्यानं मारलं. मग गाडी घरापर्यंत एकट्याला ढकलायला लावली. स्वतः स्टिअरिंगवर. मधेच ब्रेक दाबायचे. रस्त्यातले लोक हसायचे, की आप्पा परत दाबायचे.
मी सहा वर्षांची. मागच्या सीटवर. काचेतून मामाचं कपाळ दिसायचं. बाकी आठवत नाही. मीही हसले का, तेही नाही.
त्यानंतर मामाला हे दार बंद आणि आईला माहेर. भाऊबीजेला आई अंगणात चंद्राला ओवाळते. भाऊ तिकडं जुन्नरच्या पुढं, एसटीनं दीड-दोन तास.

२६ ऑगस्ट
इंजिन खाली उतरवलं, स्टँडवर घेतलं. आप्पांनी इंजिन उचलायचा चेनब्लॉक कुठं बांधायचा ते हनुवटीनं दाखवलं. एकदाही चुकले नाहीत. हे लिहून ठेवायला हवं. माणूस कसाही असो, कान आणि अंदाज पक्के.
तालुक्यातलं प्रत्येक इंजिन या माणसानं उघडलं. हे एकच, जाम झाल्यावर, कधीच नाही.

४ सप्टेंबर
आप्पा गोळ्या आणायला शेजारच्या शंकरकाकांबरोबर मंचरला. मी इंजिन उलटं करण्याआधी तेल बघितलं.
तेल होतं. घट्ट, काळं, पण पुरेसं. मोजपट्टी बुडवली, खूण गाठली.
मग तेल काढून इंजिन उलटं केलं, खालचं तेलपात्र काढलं. आत क्रँक धरणाऱ्या बेअरिंगच्या टोप्या. तिन्ही टोप्यांवर पंच ठोकून केलेले तीन ठिपके, आप्पांची खूण. खालचं काम ते दुसऱ्याला करूच द्यायचे नाहीत. पहिली, तिसरी ठीक. मधली हातोड्यानं सुटली. आत बेअरिंगच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. वरच्या पट्टीला भोक, त्यातून तेल क्रँकला जातं. खालची सपाट. इथं सपाट पट्टी वर. भोकवाली खाली. तेल यायची वाट बंद. दोन्ही पट्ट्या जळून काळ्या.
आप्पा गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून बेअरिंग बसवायचे. "माजा अंगठा हाच माजा मायक्रोमीटर." लोक वा वा करायचे.
पट्ट्या पुसल्या, कागदात गुंडाळल्या. वर चिठ्ठी: ४ सप्टें. मधलं मेन बेअरिंग. दोन्ही पट्ट्या उलट बसवलेल्या. तेलाची वाट बंद. तेल पुरेसं होतं.
टूलबॉक्सच्या तळाच्या कप्प्यात ठेवल्या.

५ सप्टेंबर
आप्पांनी उघडं इंजिन बघितलं. मी पुडीतली एक पट्टी त्यांच्या तळव्यावर ठेवली.
"भोक शोधा."
अंगठा फिरला. हात एवढा थरथरतो, पण अंगठा थेट भोकावर गेला आणि तिथं थांबला.
"भंगारात टाक."
"वर कुठली होती, सांगा."
"आईला बोललीस?"
"नाही."
पट्टी मला परत दिली. मग, "इंजिनाचं टायमिंग कानानं कसं धरतात ते शिकायचं व्हतं ना तुला?"
मी दहावीपासून विचारत होते. दर वेळी उत्तर एकच, पोरीच्या जातीला काय करायचंय.
म्हटलं, हो.

१७ सप्टेंबर
क्रँक मंचरहून घासून आला. नवी बेअरिंग. मी बसवली. डोळे उघडे, बॅटरीच्या उजेडात, दोनदा तपासून. नट किती आवळला ते मोजणारा टॉर्क रेंच लावला तर आप्पा म्हणाले, "आता मनगटानं बघ. रेंच खोटं बोलतो कधी कधी." बघितलं. त्यांचं खरं होतं.
रोज तीन-चार तास शिकवतात. शिव्या कमी. आई चहा आणते, दोघांकडं बघून हसते. "लई जमतंय की बापलेकीचं."
गाडी चालू होईपर्यंत. मग आईला सांगेन. असं ठरवलंय.

३० सप्टेंबर
उद्या खंडेनवमी. हत्यारं पुसायचं काम दरवर्षी आईचं. मला ते माहीत आहे. चोवीस वर्षं बघतेय. तरी पट्ट्यांची पुडी तिथंच होती.
संध्याकाळी आईनं हाक मारली. पुढ्यात पाने, पक्कड, सगळं ओळीनं मांडलेलं. हातात माझी चिठ्ठी.
"ह्ये तुजं अक्षार."
"हो."
"म्हंजी तेल व्हतं?"
"होतं."
"दिल्याची चूक न्हाई?"
"नाही."
"आन तुला कवापासून म्हाईत हाय?"
तारीख मीच घातलेली. चार सप्टेंबर. तिनं बोटांवर दिवस मोजले. सव्वीस. मी थांबवलं नाही, बरोबर मोजत होती.
"सव्वीस दिस माज्या हातचा च्या प्यालीस," म्हणाली. "मंग तू ह्यांचीच."
आवाज चढवला नाही. पुन्हा पक्कड पुसायला घेतली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर हत्यारं. झेंडू. ओळीच्या मधोमध, धुतलेल्या रुमालावर त्या दोन काळ्या पट्ट्या. आईनं ठेवलेल्या. मी काढल्या नाहीत.
शेजारची चार माणसं दर्शनाला. शंकरकाका वाकून बघत, "वैनी, ह्ये काळं तुकडं कसलं?"
"ह्यांना इचारा," आई. "ह्यांचंच हत्यार हाय. दिल्याला ह्यानंच मारलं व्हतं."
"कोन दिलीप? तो तर तेल न बघता…"
"तेल व्हतं, भावजी."
कोणी हसलं नाही. शंकरकाका त्या दिवशी रस्त्यावर होते. हसणाऱ्यांत. चप्पल शोधायला लागले.
"पूजा करा की," आई आप्पांना म्हणाली. "सगळ्याला कुकू लावलं, ह्ये ऱ्हायलं."
आप्पांनी बोट बुडवलं. हात इतका हलत होता की कुंकू रुमालभर सांडलं. आईनं हात धरला नाही. दरवर्षी धरते. मीही धरला नाही. तिसऱ्या खेपेला टेकलं.

२ ऑक्टोबर, दसरा
इंजिन परत गाडीत बसवलेलं. सकाळी चालू केलं. दुसऱ्या स्टार्टला. आप्पांनी डोळे मिटून कान दिला, "केसभर मागं," मी ठिणगीचा डिस्ट्रिब्युटर फिरवला, आवाज बसला. सुरेख. आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.
आई मामाकडं जायला पिशवी घेऊन बाहेर आली. पट्ट्या पिशवीत.
"सोडते तुला. गाडी चालू आहे."
"ह्या गाडीत?"
एसटीनं गेली.

११ ऑक्टोबर
आईचा फोन. स्वतःहून पहिलाच. मामाला पट्ट्या दाखवल्या.
"काय म्हणाला?"
"लई येळ हातात घिऊन बसला. मंग म्हनला, ताय, मी तेल बघितलं व्हतं. पन दाजी येवढं म्हनत्यात म्हटल्यावर मला वाटाय लागलं, बघितलं नसंल."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"कधी येतेस?"
"भाजीत मीठ कमी घाल. ह्यांना बीपी हाय." ठेवला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
आज ती चंद्राला ओवाळणार नाही.
सकाळी आप्पा, "आणायला जा तिला. गाडी ने."
"मी एकटी नाही जाणार. तुम्ही चला. मामाच्या दारात."
"कशाला? पाया पडू त्याच्या?"
"ते तुम्ही ठरवा. मी गाडी बाहेर काढते."
हे गाडीत बसून लिहितेय. दहा मिनिटं झाली. इंजिन चालू, तेलाचा लाल दिवा विझलेला. एकसारखा आवाज.
आप्पा ओट्यावर. पांढरा सदरा अंगात घातलाय. हा लग्नाकार्याला घालतात. बटणं लावतायत. आईशिवाय लागत नाहीत. वरचं लागलं. दुसऱ्याला दोनदा सुटलं, मग लागलं. माझ्याकडं बघितलं. मी आरशात बघितलं.
अजून तीन राहिलीत.
मी उतरलेली नाही.