वारं आलं की सांगा

५ एप्रिल, हनुमान जयंती
संकल्प: आजपासून कोणावर हात उचलायचा नाही. मारुतीरायासमोर पाणी सोडलं. सकाळी सिलिंडरवाल्याला लाटणं लागलं, पण ते संकल्पाच्या आधी. धरत नाही.

संध्याकाळी: ट्रंकेतला तंबू गायब! लातूरच्या भूकंपानंतर आम्ही मुरुडला होतो तेव्हा वाटले होते त्यातला, परदेशी कापड, पिवळाधमक. इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून जपला. मिहिरला विचारलं. प्रोजेक्टला नेला म्हणे. इंजिनिअरिंगला गेला पण खोटं बोलताना अजून कान लाल होतात. त्याच कानाखाली एक दिली. लेकराला दिलेली धरत नाहीत.

१० एप्रिल, शनिवार
विष्णुपुरीच्या धरणावर जाऊन प्रोजेक्ट पाहिला. माझ्या तंबूचा पतंग केलाय, खोलीएवढा. त्याच्या दोऱ्या एका दांड्याला, दांडा कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी. फळीला बोर्ड म्हणायचं. वाऱ्यानं ओढायचं आणि आपण पाण्यावरून जायचं. मिहिर आणि त्याचा मित्र श्रीनाथ. दोघं दोन वर्षं लातूरला क्लासात कोंडून होते, सुटले ते असे. सायबर कॅफेत पाहिलं म्हणे.

तेही सोसलं असतं. पण कापडाला धावदोरा! माझ्या तंबूला धावदोरा! श्रीनाथच्या हातातून दांडा हिसकावला. मारायला नव्हे, शिवण बघायला. तेवढ्यात वारा आला.

आधी हवेत गेले. मग चिखलात. मग एका म्हशीवर. मग पाण्यात. माहेर गोदाकाठचं म्हणून पोहता येतं, नाहीतर आज दिवा लावला असता माझ्या नावानं. ओठ फुटला. एक चप्पल धरणाला अर्पण. हे ऑफिसातून आले, काय झालं म्हणाले. मोरीत घसरले म्हटलं.
मजा बिलकुल आली नाही.

१२ एप्रिल
पतंग उसवून मशीनवर दुहेरी शिलाई मारली. शिवलं आहे तर टिकतं का बघणं आलं. ते पोरांवर सोडता येत नाही, पोरं वजनाला हलकी.

१७ एप्रिल, शनिवार
कासोटा मारून बोर्डावर उभी राहायला गेले. पडले. पुन्हा पडले. नाकात गोदामाई. श्रीनाथ काठावरून ओरडत होता, काकू, दांडा सोडा, दांडा सोडा! आमच्या घराण्यात हाती आलेलं कोणी सोडत नाही. बाभळीवर आदळून खांदा निखळला. दुसऱ्या बाभळीवर आदळून परत जागेवर बसला.

पण उभं राहणं मला अवघड नाही. भूकंपाच्या पहाटे अख्खी गल्ली किंचाळत पळाली, मी एकटी दाराची चौकट धरून उभी होते. हे म्हणतात, उभी कुठली, तू पलंगाखाली होतीस. त्यांना अंधारात काय दिसलं?

नवस बोलले. धरणाच्या पलीकडच्या काठी मारुतीचं देऊळ आहे. बोर्डावर उभ्यानं पाणी ओलांडायचं आणि तिथं नारळ फोडायचा. पावसाळ्याच्या आत.

२२ एप्रिल
घोटाळा. फोन आपल्याकडे नाही, शेजारी धुरपताबाईंकडे आहे, मग दुसरा कशाला? आज मी भाजीला गेलेली. श्रीनाथनं फोनवर त्यांनाच सांगितलं, इंदूकाकूंना म्हणावं वारं आलंय, लगेच निघा.

धुरपताबाईंच्या लेखी वारं एकच, अंगात येतं ते. मी येते तर दारात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या. पायावर डोकं ठेवलं. म्हणाल्या, मला लई दिसांचा डाऊट व्हता बाई. ओठ फुटलेला, अंगावर वळ, केस वल्ले. देवी खेळवून राहिली तुमाला. आन् तुमी मोरीत पडले म्हनता व्हय!

मी खोटं बोलले नाही, गप्प बसले. गप्प बसणं पापात धरत नाहीत. यांनाही त्यांनीच सांगितलं. हे घाबरले. वारं आलं की जात जा, घरात काही आपटू नको म्हणाले. लग्नाला वीस वर्षं झाली, इतक्या नम्रपणे पहिल्यांदाच बोलले.

१ मे, शनिवार
वारा उत्तम. मी निघाले तर दारात माणूस. बिलोलीचे शरणप्पा. मुलगी वैष्णवी लातूरला मेडिकलच्या क्लासाला. शेत पडीक, बापाचं सगळं लक्ष पोरीच्या मार्कांवर. नंबर लागंल का न्हाई, तेवढं सांगा आईसाहेब. मला काही कळत नाही म्हटलं. पाय सोडेनात. तिकडे वारा पडायच्या बेतात. एक ठेवून दिली.

त्यांनी डोळे मिटले. प्रसाद म्हणाले, आणि दुसरा गाल पुढे केला. म्हणाले, ही केमिस्ट्रीची झाली, बायोलॉजीची राहिली. भक्ताला विन्मुख पाठवू नये. दिली. मारुतीरायाला समजावून सांगितलं, यात राग नव्हता.

धरणावर प्रगती. गुडघ्यावर आले. पाण्यातला खुंट बरगडीत बसला. माझ्या कोपरानं श्रीनाथचा दात पडला. हलतच असावा.

१५ मे, शनिवार
दारात रांग. लातूर, उदगीर, देगलूर. सगळ्यांची पोरं क्लासाला. कोणी हॉल तिकीट माझ्या पायाला लावतंय, कोणी पोरगंच. धुरपताबाईंनी कडुलिंबाच्या डहाळ्या आणून दिल्या. म्हणाल्या, हातानं कुठवर मारताल, हात दुखतील. सगळ्यांना झोडपलं. एक बाई म्हणाली, माझ्या पोराला जरा जोरात हाना, त्याचं फिजिक्स कच्चं हाय. फिजिक्सला डहाळी मोडली.
संकल्प अबाधित. डहाळी म्हणजे हात नव्हे.

संध्याकाळी यांनी बातमी दिली. यांच्या पाटबंधारे ऑफिसला कळलंय की धरणात कोणीतरी उतरतंय. काठावर लोखंडी फलक रोवला. ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई.’ रंगवला यांनीच, अक्षर सुरेख. सापडला तर तंगडं मोडतो म्हणाले. मोडाच म्हटलं, आणि गरम पोळी वाढली.

२९ मे, शनिवार
आज बोर्डावर जवळजवळ उभी. मिहिर म्हणतो ओणवी. त्याचे डोळे यांच्यावर गेलेत.

दांडा पट्ट्याला जिथं अडकतो तिथली क्लिप तुटली. ओढली की पतंग सुटतो, जीव वाचतो म्हणे. नवी पुण्याहून मागवावी लागेल, तोवर पाण्यात जायचं नाही, असं मला, स्वतःच्या आईला, बजावलं. पुण्याहून कशाला? परकराची नाडी बांधली, वर निरगाठ. माझी नाडी आजवर कुठं सुटलेली नाही.

५ जून, शनिवार, सकाळ
पोरांना सांगितलं नाही. उगाच क्लिप क्लिप करतील. आभाळ पूर्वेला काळं, वारा मस्त. नारळ पोटाशी बांधला. मारुतीराया वायूचा मुलगा, घरचंच काम आहे. पुढची नोंद पलीकडच्या काठावर बसून लिहीन. वही प्लास्टिकच्या पिशवीत घेतलीय.

१९ जून
(अक्षर मिहिरचं आहे. मी सांगते, तो लिहितो. मागची पानं वाचायची नाहीत असं बजावलंय. वाचून हसतोय मेला.)

त्या दिवशीचं लिहून ठेवते. पतंग उचलला तर मागं हलगी. धुरपताबाई माझा माग काढत सगळी रांग घेऊन आलेल्या. आज देवी पान्यावर जानार हाय! वळवाचं वादळ सुटलं, पत्रे उडाले, आणि सगळे ओरडले, वारं आलं, वारं आलं! खरंच आलं होतं. दोन्ही अर्थांनी म्हटलं तरी चालेल.

मी उभी राहिले. पाय बोर्डावर, पाठ सरळ, पलीकडचा कळस दिसत होता. अर्धं पाणी मागं पडलं.

मग वारा फिरला. मला उलटी घेऊन निघाला. नाडी ओढली. नाही सुटली. दातानं ओढली. परकराला जशी इमानदार, तशीच इथं. काठावर आले ती उडतच. हलगीवाला आडवा. शरणप्पा हात जोडून उभे होते, तसेच जोडलेल्या हातांनी आडवे. धुरपताबाईंच्या ताटातला नारळ आणि माझ्या पोटाचा नारळ एकमेकांवर फुटले. नवस फिटला की नाही, विचारायला हवं.

पुढं फलक. हे त्याला रंगाचा दुसरा हात देत होते, हातात ब्रश. मी फलकाला मिठी मारली, दोन्ही हातांनी, जिवाच्या आकांतानं. आमच्या घराण्यात सोडत नाहीत. फलकानं पण मला सोडलं नाही. उपटून बरोबर आला. मध्ये हे होते. तिघं चिखलात. यांनी तोंडावरचा रंग पुसला, मला ओळखलं. म्हणाले, तू? मग म्हणाले, मोरीत?

माझे दोन्ही हात प्लास्टरात. यांचं तंगडं मोडलं, पण ते कोणी मोडलं नाही, मोडलं गेलं. आता दवाखान्यात बाजूच्या खाटेवर आहेत. बोलत नाहीत.

धुरपताबाई भेटून गेल्या. हळदीकुंकू आणलं नव्हतं, केळी आणली. म्हणाल्या, वारं निघून गेलं तुमचं, देवी आसं पाडत न्हाई कोनाला.

काल शरणप्पा पेढे घेऊन आले. वैष्णवीचा नंबर लागला. गाल पुढे करून उभे राहिले. मी प्लास्टर दाखवलं. बराच वेळ उभे होते बिचारे. मग क्लासात सत्कार आहे म्हणून गेले.

आज दिवसभर कोणावर हात उचलला नाही. संकल्प तंतोतंत. मारुतीराया, याची नोंद घे.

मिहिर म्हणतो वरचं एक वाक्य दुरुस्त करायला पाहिजे, तो आणि श्रीनाथ पुलावरून पळत येत होते, त्यांनी सगळं पाहिलं. म्हणतो, आई, उभी होतीस, पण क्षणभर. मी म्हटलं, अर्धं पाणी. तो म्हणाला, अर्धं पाणी तू बसून गेलीस. बाजूच्या खाटेवरून आवाज आला, यांचा. चौदा दिवसांत पहिला शब्द बोलले. म्हणाले, उभी होती. मी पाहिलं.
मग म्हणाले, क्षणभर.

मिहिरला म्हटलं, क्षणभर खोड. खोडत नाही म्हणतो. खोड म्हटलं, नाहीतर बघ.
बघतोय. हसतोय. लिहितोय.