अग्नी तू देजो

११ जानेवारी १९९८, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. पुढच्या महिन्यापासून घरसभेत आज्ञापालनावर काही पाठ घ्यायचेत, ते मी घ्यावेत. म्हटलं, साहेब, मी पंपाच्या मोटारी वाइंड करणारा माणूस. म्हणाले, म्हणूनच. बायकोला, सुनंदाला सांगितलं तर हसली. ती जन्माची ख्रिस्ती, मी सहा वर्षांचा.
संध्याकाळी आमच्या नालवाडीच्या एसटीडीवाल्याचा निरोप. सिंदीहून धाकट्याचा, प्रकाशचा फोन. बाबा दुकानात पडले. उजवं अंग गेलं. उलट फोन लावला. प्रकाश म्हणाला, "आई म्हणते ये. बाबाले विचारलं नाई आमी."
बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्या घरात पाऊल नाही.

१३ जाने., मंगळ.
पॅसेंजरने सिंदी. स्टेशनापासून घरापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग. किराणा दुकान उघडं, प्रकाश गल्ल्यावर. नुसती मान हलवली.
बाबा आतल्या खोलीत. तोंड वाकडं. मला पाहिलं, भिंतीकडे वळले. दुकानात ज्यांच्या आवाजाला हमाल दचकायचे ते हे.
आईचे गुडघे गेलेत. प्रकाशची बायको बाळंतपणाला माहेरी. बाबांचं अंथरूण ओलं होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी उठून बदललं. त्यांनी डोळे मिटून घेतले. लाज की राग, कळलं नाही.
निघताना आई म्हणाली, "येत राहजो बाप्पा."

२० जाने.
एक दिवसाआड जातो. आंघोळ, दाढी, मालिश. वाइंडिंगची कामं तुंबली, गिऱ्हाइकं बोलतात. बोलू देत.
आज दाढी करताना बाबांचे पहिले शब्द. जीभ जड आहे पण कळतं. "काऊन येतो तू?"
"तुमची तब्येत पाहाले."
"तुह्या देवानं पाठवलं काय?"
मी हो म्हटलं. खरं होतं.

१ फेब्रु., रविवार
पहिला पाठ. अब्राहाम देवाच्या आज्ञेने मुलाचा बळी द्यायला डोंगरावर जातो तो. तयारी चांगली झाली होती. आज्ञा पाळायची म्हणजे सगळ्यात आवडतं तेच पुढे ठेवायचं, असं बोललो. लोक गप्प बसून ऐकत होते. पाळकसाहेब खूश.
येताना सु. म्हणाली, "तुम्ही साराबद्दल काहीच बोलला नाहीत. लेकराची आई होती ती. तिला कोणी विचारलं होतं का?"
सायकल हातात धरून चालत राहिलो.

११ फेब्रु.
बाबांना वरण-भात भरवत होतो. प्रकाश शेजारी जेवत होता. बाबा एकदम म्हणाले, "इनायक."
सहा वर्षांत माझं नाव घेतलं नव्हतं त्यांनी.
"मेल्यावर अग्नी तू देजो. पिंड बी तूच. मोठा तू हायस."
घास हातातच राहिला. प्रकाश अर्ध्या ताटावरून उठला. हात धुतले, दुकानात गेला. आई सयपाकघराच्या दारात, पदर तोंडाला.
मी भात भरवला. पाणी पाजलं. तोंड पुसलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१२ फेब्रु.
मुद्दाम परत गेलो, प्रकाशसाठी. गोदामात पोती लावत होता. मागे न वळता बोलला.
"दुकानात मी मरतो. आईचं मी करतो. बाबाच्या शिव्या मी खातो. अन् अग्नी तुले."
म्हटलं, मी मागितलं नाही रे.
"माहीत हाय. म्हून तर जिवाले लागते." पुढचं पोतं उचलत, "देशील तर दे, दादा. तुहा हक्क हाय. पण फसवू नको त्याइले."

१५ फेब्रु.
जामहून काका आले होते, बाबांचे चुलतभाऊ. हायवेवर टायरचं दुकान आहे त्यांचं. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेत नेत. अंगणात बोलावलं.
"एक शुद्धी करून घे. डोकं भादर. तेरा दिवस सांभाळ. मंग जाय ना तुह्या चर्चात, कोण अडवते? तुह्या बापाचं मन राहून जाते."
रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्या दंडावर हात ठेवून बोलत होते.

२२ फेब्रु., रवि.
पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते सरळ म्हणाले, "तिथे हात जोडलेत की लोक म्हणतील परत आला. मंडळीत नवी माणसं आहेत. ती तुमच्याकडे बघतात." मला हे माहीत होतं. तरी म्हटलं, आईबापाचा मान राखा हीसुद्धा आज्ञाच आहे ना?
त्यांनी चष्मा काढून पुसला. मग, "आमचे आजोबा आमच्या घराण्यातले पहिले विश्वासी. त्यांची आई गेली तेव्हा ते घाटावर गेले नाहीत. बरोबर केलं असंच सांगायचे आम्हाला. पण सांगताना दर वेळी रडायचे."
पुढचा पाठ तुम्ही घ्या म्हटलं. नको म्हणाले, आता तुम्हीच घ्यायचा.

८ मार्च
आईने पाय चेपून घ्यायच्या निमित्ताने बसवून घेतलं. "हो म्हणून दे. एवढंच. मेल्यावर त्याले काय समजते? परकाश करीन मंग सगळं. पण आत्ता सुखानं पडून राहीन म्हातारा."
तिच्या दृष्टीने ही सोपी गोष्ट. खरंच सोपी आहे. एक शब्द.
सु.ला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "मला विचारून तुम्ही बाप्तिस्मा घेतला नव्हता. आपली ओळखही नव्हती तेव्हा. हेही माझ्या नावावर टाकू नका." मग वाढलेलं ताट माझ्याकडे सरकवलं. "पण खोटं बोलून आलात तर मला कळेल. तुम्हाला जमत नाही ते."

१० मार्च, मंगळ.
सांगितलं.
आंघोळ झाली होती, स्वच्छ सदरा घातला होता. खाली त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, "बाबा, मी खांदा देईन. आईजवळ राहीन. तुम्ही आहात तोवर रोज म्हणाल तर रोज येईन. पण पिंड नाही देऊ शकत. मंत्राला हात नाही जोडू शकत. मी ज्याला वचन दिलं..."
वाक्य पुरं झालं नाही.
"तुहा देव बापाचं ऐक म्हणत नाई काय?"
"म्हणते, बाबा."
"मंग?"
मी पाठात हे सगळं किती नीट मांडलं होतं. तिथे बसून एक ओळ आठवली नाही. म्हटलं, "तुमचं ऐकावं वाटते. त्याचं मोडवत नाही."
डावा हात उचलला त्यांनी. मारतील असं वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. दाराकडे दाखवलं.

१३ मार्च
धूळवड. रंग नको म्हणून सकाळच्या गाडीने गेलो. बाबा माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाहीत. जवळ गेलो की ओठ घट्ट. आई गुडघे धरत धरत सगळं करते. मी ओट्यावर बसून राहिलो. चादरी धुतल्या.
शेजारचे येता-जाता बघतात. एकजण मोठ्याने म्हणाला, "धर्म बाटवला, आता बाप बाटवाले आला." प्रकाश दुकानातून बाहेर आला. "भाऊ हाय माहा. चालू लाग." त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. माझ्याकडे न बघता आत गेला.

२२ मार्च, रवि.
सु. म्हणाली, उपासनेनंतर मीही येते. लग्नाला चार वर्षं झाली, सासर पाहिलेलं नाही.
आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुंकू नाही, ते पाहिलं. मग सूप पुढे केलं. दोघी तूर निवडत बसल्या. तासाभराने आईचा आवाज आला, "दाताखाली खडा आला की हा लहानपणी ताट फेकायचा, मालूम?" सु. हसली.
बाबांना दिसेल अशा जागी ती बसली नाही. पण आतून विचारलं त्यांनी, "कोन हाय?" आई म्हणाली, "सून." हाकललं नाही.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
शेवटचा पाठ. झावळ्या घेऊन मुलं आली होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, आज्ञा पाळणं म्हणजे काय ते मी फेब्रुवारीत तुम्हाला सांगितलं होतं. आज तसं सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की पाळली तर मन हलकं होतं असं काही नाही. माझं झालं नाही. आणि पाळल्याचा त्रास माझ्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाला जास्त झाला. तरी मागे फिरलो नाही. माझ्या आई-वडिलांसाठी प्रार्थना करा.
खाली बसलो. पाळकसाहेबांनी डोळे मिटलेले होते.

१२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
पहाटेची उपासना, प्रभुभोजन. तिथूनच स्टेशन. ऊन आत्ताच भाजतं.
बाबा खाटेवर उशीला टेकून बसलेले. प्रकाश पंख्याची पाती पुसत होता. मी दारातच थांबलो, रोजच्यासारखा. त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड थोपटली. जाऊन बसलो.
"मंग? काय ठरलं तुहं?"
"तेच, बाबा."
"म्हणजे नाई."
"नाई."
त्यांची मान खाली. प्रकाशचा हात पात्यावर थांबलेला. बाबा म्हणाले, "बापावर गेला. हेकेखोर." चिडून म्हणाले की काय, चेहऱ्याचं अर्धं अंग हलतच नाही, ओळखू कसं. मग तोंड उघडलं. मला समजेना. आई ओरडली, "अरे पाणी मांगून राह्यले!" पाजलं. अर्धं छातीवर सांडलं.
निघताना म्हणाले, "उद्या येजो. उद्या बी इचारीन."
प्रकाश स्टेशनावर सोडायला आला. फलाटावर कोणी नव्हतं. म्हणाला, "दादा, समज अखेरच्या घटकेले इचारलं तर? जीव अडकून राह्यला अन् फक्त हो ऐकाचं हाय त्याइले. तवा?"
गाडी आली. बसलो.
घरी येऊन सु.ला सांगितलं. तिने दिवा लावला, रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली, माझ्याकडे बघत थांबली. आज माझी पाळी होती. प्रभू, तवा काय, ते मला माहीत नाही, इतकंच म्हणालो. सकाळच्या गाडीने जायचं आहे.