टिल्लीला न्यायला कोण येतं

२ सप्टेंबर

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट आधी आडवं, मग तिरकं, मग देवाचं नाव घेऊन उभं करून पाहिलं, आणि शेवटी ते मागच्या दाराने आत गेलं. टिल्ली दर वेळी टाळ्या वाजवत होती. चार वर्षांच्या माणसाला याहून मोठी करमणूक नाही.

घर ताईचं, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं. दोन वर्षं तिने इथे पाळणाघर चालवलं. आता मेहुण्यांची बदली झाली म्हणून ती मुलाला, दादूला घेऊन दुसऱ्या गावी निघाली. जाताना सगळंच माझ्या पदरात टाकलं: गुडघ्याएवढी बेसिनं, भिंतीवरचे ठेंगणे हूक, छोट्या गाद्या, आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारे पाच मुलांचे आईबाप. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. टिल्लीचे बाबा दुसरा संसार थाटून बसल्यापासून आम्ही मायलेकी एका खोलीत कोंडल्यासारख्या राहत होतो. आता काम घरातच आणि लेक दिवसभर डोळ्यांसमोर. मला याहून काही नको.

निघताना ताई फार रडली. मी म्हटलं, सासरी पाठवणी झाल्यासारखी काय रडतेस! तर आणखीच रडली.

९ सप्टेंबर

परवाना मिळाला. तपासणीस बाई दोन तास घरभर रांगत होत्या, अक्षरशः. गॅलरीच्या गजांतून मुलाचं डोकं जातं का ते पट्टीने मोजलं. प्लगना झाकणं, फिनेलच्या कपाटाला कुलूप, फाटकाची कडी मुलांच्या हाताच्या वर. मुलं जास्तीत जास्त सहा, आणि आपलं स्वतःचं मूलही त्यातच धरायचं. प्रत्येक मुलाचा अर्ज, न्यायला येणाऱ्याची रोज वहीत सही. अर्जात नाव नसेल त्याच्या हाती मूल द्यायचं नाही, आणि नाव असेल त्याला नाही म्हणायचं नाही. सहाही अर्ज ताईने जाण्याआधीच भरून ठेवले होते. मी नुसत्या सह्या ठोकल्या.

ताईने फोनवर एक युक्ती सांगितली. मुलं मला मावशी म्हणणार, तर कामाच्या वेळेत टिल्लीनेही मावशीच म्हणावं, नाहीतर बाकीची हिरमुसतात. वर म्हणाली, माय मरो नि मावशी जगो, म्हणतातच की. दोघी खूप हसलो.

१७ सप्टेंबर

बस्तान बसलं. जुळी एकमेकांची केळी खातात आणि मग दोघीही आपलं केळं गेलं म्हणून रडतात. एक चावरा आहे, त्याच्यापासून मी स्वतःही हातभर लांब असते. एक गाणारी. एक बाळराजे, ते फक्त झोपतात. देव त्यांचं भलं करो.

साडेपाच ते साडेसहा मुलांना न्यायला येतात. तेव्हा सगळी बूट घालून दाराजवळच्या बाकावर ओळीने बसतात. टिल्लीलाही आता तेच करायचं असतं. पाण्याची बाटली गळ्यात अडकवून बसते. सगळे गेल्यावर मी म्हटलं, चला बाईसाहेब, उतरा. तर म्हणाली, माझी आई यायचीय. मी म्हटलं, आई ही काय समोर उभी आहे. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नकलाकार झालीय नुसती.

२४ सप्टेंबर

जुळ्यांचे बाबा आज जाता जाता म्हणाले, टिल्लीच्या आई भेटल्या फाटकापाशी, बोलक्या आहेत हो. मी म्हटलं, टिल्लीची आई मीच. ते ओशाळून हसले. दिसते कशी विचारलं, तर चेहरा आठवेना म्हणाले. माणूस बोलकं वाटतं आणि चेहरा आठवत नाही, असं कसं?

फाटकापाशी कोणी नव्हतं. कडी मात्र निघालेली होती.

२९ सप्टेंबर

काम संपल्यावरही टिल्ली मला मावशीच म्हणते. दोनदा दटावलं. मग मऊ आवाजात समजावलं. झोपवताना पांघरूण घातलं तर म्हणाली, थँक्यू मावशी. परक्या घरी राहायला आल्यासारखी, शहाण्यासारखी. माझ्या लेकीने माझे आभार मानले.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, खेळ असतो गं मुलांचा. आणि घाईने फोन ठेवला.

१ ऑक्टोबर

वहीत टिल्लीच्या नावापुढची जागा मी रोज कोरी सोडते. आज तिथे सही होती. गोल, वळणदार. मागची पानं उलटली तर बावीस तारखेपासून रोज आहे. रोज कोणीतरी माझ्या मुलीला नेल्याची सही, आणि मुलगी माझ्या कडेवर.

अर्जांची फाईल काढली. टिल्लीच्या अर्जात 'आई' या शब्दापुढे ताईने काहीच लिहिलेलं नव्हतं. माझं नाव खाली होतं, 'सांभाळणारी' या रकान्यात. खाली माझी सही. सख्ख्या बहिणीने पुढे केलेला कागद कोण वाचतं? ताई चुकली असेल. घाईत होती.

ताईने सोडलेल्या त्या कोऱ्या जागेत आता वहीतलंच गोल अक्षर आहे. वाचता येत नाही.

३ ऑक्टोबर

तपासणीस बाई न सांगता आल्या. टिल्लीच्या आईची तक्रार आहे म्हणाल्या, मी मूल वेळेवर सोडत नाही. मी हसले. त्या हसल्या नाहीत. अर्ज दाखवला. मी जन्मदाखला आणायला धावले. दाखला होता, टिल्लीचं नाव होतं, तारीख होती. आईच्या नावाच्या जागी मी नव्हते.

सोमवारपर्यंत मूल दिलं नाही तर पोलीस घेऊन येणार. टिल्ली बाकावर बसून सगळं ऐकत होती. बूट घालून.

४ ऑक्टोबर

पळायला निघालो होतो. एक पिशवी घेतली, बस पकडली. टिल्ली रडायला लागली. कंडक्टरने तिला विचारलं, बाळा, कोण गं ही? ती म्हणाली, मावशी. आई कुठेय? तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. एका आजोबांनी माझं मनगट धरलं. उतरावं लागलं.

बाहेर थांब्यावर ती होती. मी पाहिली तिला. चेहरा —

लिहायला बसले तर आठवत नाही.

५ ऑक्टोबर

ताईने आज फोन उचलला. सगळं सांगितलं, रडत, अडखळत. तिला दोन मुलं होती. दादू आणि एक मुलगी. तिला स्वतःला ती मुलगी आठवत नाही. त्या बाईने मुलीला नेल्याचं जुन्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, म्हणून कळलं. म्हणाली, तुला भाची होती, तुलाही आठवत नाही.

मग ती बाई दादूसाठी यायला लागली. रोज, त्याच्या शाळेच्या फाटकाशी; गाव बदललं तरी मागे आलीच असती. त्याच्याऐवजी घरातलं दुसरं मूल मिळालं की ती त्याला सोडते. म्हणून मला बोलावलं. म्हणून तो अर्ज. म्हणून मावशी म्हणायला लावलं.

आपल्या पायांनी चालत आलेली मीच. तिच्या पाठीला पाठ लावून आलेली. केसाने गळा कापला माझा. मी विचारलं, टिल्लीच का गं? तर म्हणाली, माझा दादू एकच राहिलाय.

माझीही एकच आहे.

६ ऑक्टोबर

पाचही मुलांच्या घरी कळवलं, आज सुट्टी. दारं लावली. टिल्लीला मांडीवर घट्ट धरलंय, एका हाताने लिहितेय. तिच्या डाव्या गुडघ्यावर वण आहे. कानामागे तीळ. झोपताना माझी कानाची पाळी धरते — धरायची. लिहून ठेवते. सगळं लिहून —

सव्वासहा. बेल.

टिल्ली म्हणते, मावशी, सोडा ना, आई आली. अहो म्हणते मला. अहो —

कडी आतून लावली होती मी. लावली होती. टिल्ली, मी आहे ना तुझी, मी तुझी —

७ ऑक्टोबर

आज पाचही मुलं वेळेवर गेली. तपासणीस बाई येऊन गेल्या. सगळं व्यवस्थित म्हणाल्या, एक जागा रिकामी आहे, भरून टाका. दोरीवर एक छोटा फ्रॉक आहे. यांच्यापैकी कोणाला होणारा नाही. उद्या विचारीन.

ताईचा फोन आला. हमसून रडत होती, मला माफ कर म्हणाली. मी म्हटलं, कशाबद्दल गं? तिने एक लांब श्वास सोडला. मग म्हणाली, काही नाही, जेवलीस का? आवाज हलका झाला होता तिचा. किती जीव आहे माझ्यावर ताईचा.

हात फार दुखतोय, दंडावर चिमुकल्या नखांचे ओरखडे आहेत. चावऱ्याचे असतील.

रोजनिशी लिहायला घेतली म्हणून मागची पानं वाचली. दोनदा वाचली. अक्षर माझंच आहे. मला मूलबाळ नाही. गुडघ्यावर वण, कानामागे तीळ, हे मी वाचतेय आणि मला काहीच होत नाही. कोणा परक्याचं वाचावं तसं. हे खरं असेल तर मला आत्ता ऊर बडवून रडायला हवं. आणि ताई — तिने दुपारी मला विचारलं, जेवलीस का. ठाऊक असून विचारलं. तिला कळलं होतं मी विसरले, आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. तो मी ऐकला. ताई, तू मला —