गप्प बसायची खोली

मी दवाखान्यात असताना माझा भाचा कैलास याने अंगणातल्या माझ्या खोलीला स्वतःचे कुलूप घातले आणि 'विद्यार्थ्यांना भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहीत आहे.

मी, रंभा कुशाबा पवळे, वय ७६, राहणार भुकूम, ता. मुळशी, पूर्ण शुद्धीत आहे, घाईत आहे, कोणाच्याही दबावाखाली नाही. शपथ घेणार नाही. शपथेवर खरे बोलायचे, तर एरवी काय बोलायचे? हे मी क्वेकरांकडून घेतले.

'आत्या बाटली' असे कैलास गावभर सांगतो, म्हणून नोंदवते: देव्हारा जागेवर आहे, दिवा रोज लागतो. क्वेकर मी कॉलेजात इतिहासाला वाचले. सतराव्या शतकात, इंग्लंड यादवीत पेटलेले असताना, जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा सांगू लागला की देवाचा उजेड प्रत्येकात आहे, मध्ये पुरोहित नको. त्याची माणसे एकत्र गप्प बसत. आतून आले तर कोणीही बोले, बाईसुद्धा. देवापुढे थरथरा म्हणतात म्हणून लोकांनी त्यांना चेष्टेने 'थरथरे' म्हटले, म्हणजेच क्वेकर. ते स्वतःला मित्र म्हणवत. बड्यांपुढे टोपी काढत नसत, सर्वांना 'तू' म्हणत आणि तुरुंगात जात.

मीही सरपंचांना 'तू' म्हणून पाहिले. वडिलांनी थोबाडीत दिली. मग उलटे केले: सर्वांना 'तुम्ही'.

१. खोली व तिच्यापर्यंतची वाट माझ्यामागे लिलाबाई बहिरू हिलम यांची. त्या डोंगरावरच्या वाडीतून आमच्याकडे भातलावणीला येत. आता दर रविवारी या खोलीत माझ्यासोबत गप्प बसतात. पहिल्यांदा मी "तुम्ही बसा" म्हणाले, तर म्हणाल्या, "मला तुमी कशापाय? मी काय दोघी हाय?" क्वेकरांचा मुद्दा नेमका हाच होता. माझी सवय तरी गेली नाही.

कैलास म्हणाला, "आत्या, वाडीवरच्या बाईला जागा देतीस? लोक हसत्यात."

"हसू द्या. क्वेकरांचं नावसुद्धा हसण्यातूनच पडलं."

२. राहते घर व भातखाचर कैलासचे. दवाखान्यात डबा त्यानेच आणला, हेही खरे. अट एकच: खोलीची किल्ली त्याने आज स्वतःच्या हाताने लिलाबाईंना द्यावी. न दिल्यास सर्व त्याच्या मुलीचे, आरोहीचे.

३. वाटणीत भाऊ गेणबाने मला जमिनीचा दगडाळ तुकडा दिला होता. त्याला आता भाव आला आहे. राग सोडला. जवळजवळ.

४. माझ्यामागे भाषणे नकोत, माईक तर नकोच. गप्प बसा.

साक्षीदार: विश्राम दगडू शेडगे (सही)
पिंकी पियूष मोरे (सही)

रंभा कुशाबा पवळे (सही)
भुकूम, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सुपूर्द केल्याची नोंद: कैलासने पाटी उतरवली, कुलूप काढले. मोटारसायकल बाहेर चालूच ठेवली होती. किल्ली लिलाबाईंपुढे धरून खाली बघत म्हणाला, "घ्या."

लिलाबाई म्हणाल्या, "घे म्हण. आन् ती गाडी बंद कर. तूबी बस."