थरथर कुणाची?

गुरुवार, संध्याकाळ. हूटगळ्ळी.

तीन आठवडे नव्या डिजिटल सिंथेसायझरवर बाबांच्या विकलेल्या अ‍ॅनालॉग सिंथचा आवाज जुळवतोय. नमुना म्हणून त्यांच्या ऑर्केस्ट्राची एकच कॅसेट. तिच्यातली सुराची हलकी थरथर आज जमली, म्हणून बाबांना ऐकवली.

"थरथर कसली? जुन्या सिंथचा सूर सरकायचा, म्हणून तर मी दर गाण्याआधी तो लावून घ्यायचो," ते चिडले.

म्हणजे थरथर झिजलेल्या कॅसेटची? मग मी इतके दिवस कशाची नक्कल करत होतो? थरथर काढून टाकली, पुन्हा वाजवलं.

"सुरात आहे," बाबा म्हणाले. "पण हे कोण वाजवतंय?"

आता थरथर परत घालू की नको? विचारलं, तर कॅसेट उचलून स्वतःच्या खोलीत घेऊन गेले. तिथे टेपरेकॉर्डरही नाही.