कालचाच आकडा

दिनांक ९, सोमवार, सकाळ

चि. भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचं सगळ्यांचं क्षेम असावं, ही रोजची प्रार्थना.

गेल्या महिन्यात घरी एक पिशवी आली. त्यात अंगात घालायचा टी-शर्ट एक, पाण्याची बाटली एक (झाकण गळतं), पावलं मोजायचा मनगटी पट्टा एक, रक्तदाब मोजायचं यंत्र एक आणि छापील तक्ते सहा. सगळ्याचे मिळून नावनोंदणीचे पाचशे भरले. चार वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि सुरुवात पिशवीपासून केली म्हणून हसाल. हसा. पण सगळं त्या पिशवीतूनच निघालं आहे.

इथल्या डॉक्टरांच्या मंडळानं सहा आठवड्यांचा उपक्रम काढला आहे. डॉक्टर, नर्स, औषधांच्या दुकानातले, सगळ्यांनी रोज आठ हजार पावलं चालायची, सात तास झोपायचं, एक जेवण तरी बसून करायचं आणि आठवड्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्यायचा. दहा-दहा जणांचे गट आहेत. गटाचे जितके गुण, तितके पैसे देणगीदार मोठ्या दवाखान्याला देणार. त्यातून दिवस पुरे न भरलेल्या बाळांसाठी काचेच्या पेट्या घ्यायच्या आहेत. तुमचे दादा एका गटाचे प्रमुख. लोकांना आयुष्यभर सांगत आले, चाला, झोपा, वेळेवर जेवा. आता स्वतःवर आलं.

चालतात हो, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी मीही बरोबर जाते. झोप पाचच तास होते, तीही तक्त्यात पाचच लिहितात. गुण जातात, तरी खरं लिहितात. फक्त रक्तदाबाच्या रकान्यात पहिल्या आठवड्याला एकशेवीस-ऐंशी. दुसऱ्याला एकशेवीस-ऐंशी. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच.

रकान्याशेजारी घरच्या माणसाची सही लागते, समोर मोजल्याची साक्ष म्हणून. चारही वेळा मी सही केली. घाई होती, हे दारात उभे होते, मी बघितलं नाही, असं लिहिणार होते. पण बघितलं होतं.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण घरखर्चाची वही पंचवीस वर्षं लिहिते. माझ्या वहीत भाजीचा आकडा ओळीनं चार आठवडे सारखा दिसला, तर ती भाजी मी आठवणीनं लिहिलेली असते. खरा आकडा कधी असा शहाण्यासारखा वागत नाही.

पाचव्या आठवड्याला, म्हणजे परवा, मी विचारलं, "हा आकडा आला कुठून?"

"यंत्रातून."

"यंत्रावरची प्लास्टिकची पट्टी तर अजून निघाली नाही."

"अगं, तीस वर्षं लोकांच्या नाड्या धरतोय. मला माझं कळत नाही?"

"लोकांचं कळतं तुम्हाला. द्या हात, मी मोजते."

"सही कर. दवाखान्यात माणसं बसलीत."

मी पेन खाली ठेवलं.

त्याच दुपारी डबा द्यायला दवाखान्यात गेले, तर त्यांच्या सिस्टरबाई हसत सांगत होत्या, "वहिनी, माझा आला एकशे बासष्ट! मंडळाच्या बाईंना लाजत लाजत दाखवला. त्या म्हणाल्या, आम्ही गुण मोजल्याचे देतो, चांगल्या आकड्याचे नाही." मग आत बघून मोठ्यानं, "डॉक्टर, यंत्र चावत नाही बरं का!" हे हसले नाहीत.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. वाईट आकड्याला गुण जात नाहीत, मग चांगला आकडा लिहायचा कुणासाठी? गटासाठी नाही, बाळांसाठी नाही. मोजायचंच नाही म्हणून. भाऊजी, सकाळी चढाच्या वळणावर हे बुटाची नाडी बांधायला म्हणून थांबतात. रोज तिथंच, एक हात भिंतीला लावून. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत. चिकटपट्टी आहे.

आता जे चार वर्षं लिहिलं नाही ते लिहिते.

बाबा गेले त्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दादा, तू बाबांना तपासलंच नाहीस. अंदाजानं गोळ्या देत राहिलास." ह्यांनी कपाटातून बाबांच्या रक्तदाबाची वही काढून तुमच्या पुढ्यात टाकली. "रोजचं लिहिलंय. तुझ्या वहिनीचं अक्षर आहे. ती खोटं लिहील?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. तुम्ही दादांची माफी मागून निघालात, ते पुन्हा आला नाहीत.

वहीतली शेवटची बारा पानं खोटी आहेत. तापाची साथ होती, दवाखाना ओसंडून वाहत होता, हे दमून यायचे. बाबाही हात पुढे करायचे नाहीत. म्हणायचे, मी ठणठणीत आहे. मी वही घेऊन उभी राहायचे आणि हे म्हणायचे, "कालचाच आकडा लिही." मी लिहायचे. बारा दिवस. मोजलं असतं तर बाबा राहिले असते का, ते देवाला ठाऊक. पण तुमचं म्हणणं खरं होतं, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. देवापुढे रोज बसते, पण ह्या एका गोष्टीवर येऊन जप चुकतो.

काल हे सगळं ह्यांच्यासमोर बोलले. म्हणाले, "तू ते अजून धरून बसलीस?"

मी म्हटलं, "धरून तुम्ही बसलात. म्हणून ती पट्टी निघत नाही. मी भाऊजींना पत्र लिहिणार आहे. आणि न मोजलेल्या आकड्यावर ह्या हातानं पुन्हा सही होणार नाही. मंडळात दिलेले मागचे चार तक्ते परत मागून त्या आकड्यांवरही रेघ मारायची आणि 'मोजले नाही' असं लिहायचं, तुमच्या अक्षरात. खाली माझी सही."

"गटाचे गुण जातील. पेटी लांबेल."

ते मलाही कळतं, भाऊजी. त्याचं वाईट वाटतं. सहाव्या आठवड्यात मी आणि सिस्टरबाई घरोघर जाऊन पेटीसाठी वर्गणी मागू, जितकी भरपाई होईल तितकी करू. पण खोट्या आकड्यावर एक माणूस घरातून गेला. दुसरा जाऊ देणार नाही.

ह्यांनी चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले, परत आले. मला वाटलं चष्मा विसरले. दारातूनच म्हणाले, "त्याचा पत्ता तोच आहे ना?"

माझ्या हाती ते हात देत नाहीत. सिस्टरबाईंना देत नाहीत. तुमच्या हाती देतील असं मला वाटतं, कारण खरा आकडा तुम्हीच पूर्वी मागितला होतात. शेवटचे दोन तक्ते एकवीस तारखेला द्यायचे आहेत. त्याच्या आत या. माझ्यावर रागावून या, न बोलता या, पण या. यंत्र पट्टीसकट टेबलावर ठेवलं आहे. सहीची जागा कोरी आहे.

कोणत्या गाडीनं येता, ते उलट टपाली कळवा. मी स्टेशनवर येईन. तुमचे दादाही आले, तर चढाच्या वळणावर थोडं थांबावं लागेल.

बारा पानं खोटी लिहिलेली,
तुमची वहिनी