सोड्याच्या बाटलीवर झालेला दावा आणि माझी निरवानिरव

मी, द्वारकाबाई भ्रतार हरी फणसे, वय अदमासे छप्पन, धंदा सोडावॉटरचा कारखाना, राहणार स्टेशन बाजार, कर्जत, जिल्हा कुलाबा, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अक्षर कापते ते दम्यामुळे, भीतीमुळे नव्हे. मला कोणी शिकवून हे लिहवून घेत नाही. डॉक्टर टिपणीस समोर बसले आहेत, पण ते वर्तमानपत्र वाचत आहेत. दोन वर्षांपूर्वी मला कोणी मृत्युपत्र कर म्हटले असते तर मी हसले असते. मला मूलबाळ नाही, आणि माझी माणसे मला ठाऊक आहेत अशी माझी समजूत होती. ती समजूत पनवेलच्या कोर्टात मोडली. म्हणून हा कागद.

कलम १. मी राहते ते घर फणशांचे वडिलार्जित. ते कायद्याने माझे धाकटे दीर विष्णू फणसे यांच्याकडे जाईल. मला त्यात काही लिहिण्याचा हक्क नाही आणि इच्छाही नाही. भावोजींनी परसातली रातांब्याची झाडे तोडू नयेत एवढेच मागणे. ऐकले तर बरे.

कलम २. कारखाना मात्र माझा. शेड, यंत्र, बाटल्या, खोकी, सगळे माझ्या माहेरच्या पाटल्या आणि गोठ मोडून घेतलेले आहे, आणि घेतले तेव्हाच ह्यांनी ते माझ्या नावे करून दिले होते. मुंबईहून येणाऱ्या गाड्या घाट चढण्याआधी कर्जतला मागचे इंजिन लावायला थांबतात. तेवढ्यात उतारूंच्या घशाला कोरड पडते, हे ह्यांनी हेरले. "द्वारके, लोक वड्यांपेक्षा आधी पाणी मागतात," असे म्हणून त्यांनी गळ्यात काचेची गोळी असलेल्या बाटल्यांची सोडावॉटर सुरू केली. सन १९१८ च्या तापाच्या साथीत ते गेले. भावोजी तेव्हा म्हणाले, "वहिनी, यंत्र विका. बाईमाणसाने बाटल्या भरायच्या म्हणजे लोक काय म्हणतील?" मी विकले नाही. लोक काही दिवस बोलले, मग सोडा प्यायला येऊ लागले.

त्या साथीत ह्यांना खांदा द्यायला माणूस मिळेना. घराघरात कोणीतरी निजलेले. तेव्हा आमची खोकी वाहणारा गाडीवान हिरामण आपली बैलगाडी घेऊन आला, ह्यांना स्वतः उचलून गाडीत ठेवले आणि नदीवर नेले. परत आल्यावर ओसरीवर बसून म्हणाला, "अक्का, आजपासून तुला भाऊ हाय असं समज." मी समजले. पुढे खालापुरास सडकेवर त्याने दुकान टाकले तेव्हा पहिला माल मी उधारीवर दिला. त्याचे लग्न झाले, त्याची बायको चिंधी मला वन्सं म्हणू लागली. हे सगळे खरे होते. मी आजही ते खोटे म्हणणार नाही, आणि म्हणूनच पुढचे मला अजून पचत नाही.

कलम ३. गेल्या सालच्या वैशाखात खालापुरास हिरामणाच्या भाच्याचे लग्न होते. सोडा अर्थातच आमचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली. आत हिरामण, उजवा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, फडके रक्ताने भिजलेले. बाजूला चिंधी, खाली मान घालून.

"बाटली फुटली, अक्का," तो म्हणाला. "नीट फडकं लावून खुंटीनं गोळी दाबत व्हतो. हातातच फुटली."

इतक्या वर्षांत आमच्या बाटलीने गिऱ्हाइकाला इजा झालेली नव्हती. डॉक्टर टिपणिसांनी तळहाताला टाके घातले. मी त्याला आणि चिंधीला माझ्या घरी ठेवून घेतले. त्याला पेज भरवली, हात धुतला, फडकी उकळली. यंत्र बंद ठेवले. एकेक रिकामी बाटली उजेडाकडे धरून तिला तडा आहे का पाहिले, आणि मनात आले म्हणून बऱ्याच चांगल्या बाटल्याही फोडून टाकल्या. झोप लागेना. चिंधी माझ्याजवळच निजायची. ती दोनदा म्हणाली, "वन्सं, तुमी येवढं मनाला लावून घेऊ नका." मला वाटले, पोर समजूत घालते आहे.

टाके निघाले. हात बरा झाला. डॉक्टरांनी मूठ मिटवून उघडायला लावली, त्याने मिटवली आणि उघडली. दोघे खालापुरास गेली. मी देवापुढे साखर ठेवली.

मग पावसाळ्यात पनवेलच्या एका वकिलाची नोटीस आली. हिरामणाचा उजवा हात कायमचा निकामी झाला आहे, त्याला घास उचलता येत नाही, कोणतेही भांडे वाजले की तो दचकतो, दुकान बसले आहे, आणि हे सर्व फणसे कारखान्याने बाटलीत बेसुमार हवा भरल्याने झाले आहे. भरपाई म्हणून जी रक्कम लिहिली होती तिच्यात कारखाना दोनदा विकावा लागला असता. मी नोटीस डॉक्टरांना वाचायला दिली, कारण मला वाटले मीच चुकीचे वाचते आहे. त्यांनी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

मी त्याच दिवशी खालापुरास गेले. हिरामण दुकानात गूळ फोडत होता. उजव्या हाताने. मला पाहून त्याने कोयता खाली ठेवला.

"हिरामण, हे काय रे?"

"अक्का, मनावर घेऊ नको. तुज्यावर थोडाच हाय? कारखान्यावर हाय."

"कारखाना म्हणजे कोण?"

त्याने पुन्हा कोयता उचलला. "लोकं सांगतात, असं करतात आता. मुंबईत समदे करतात."

मी तिथून कशी परत आले ते मला आठवत नाही.

कलम ४. नोटिशीची बातमी बाजारात फुटली आणि काय एकेक ऐकावे लागले. पेन्शनीत निघालेले एक मास्तर म्हणाले, प्लॅटफॉर्मवर बाटली उघडताना झालेल्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला. हे त्यांनी मला हळू आवाजात सांगितले आणि माझे उत्तरही व्यवस्थित ऐकले. एक जण आमच्या पायरीवर घसरला होता, दोन वर्षांपूर्वी, आणि त्याला ते आता दुखू लागले. लडकू हमाल पोट धरून आला. म्हणे, सोड्याबरोबर गोळी पोटात गेली. गोळी बाटलीच्या गळ्यातच अडकते, बाहेर येत नाही, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. मी विचारले, "बाटली कुठाय?" तर म्हणाला, "ती फुटली." हसू यायला हवे होते, पण मला रडू आले. ह्याच लोकांच्या पोरांना मी उन्हाळ्यात फुकट लिंबू सोडा पाजला होता. त्यांतला कोणी वाईट नव्हता. कोणीतरी पैसे देतो म्हटले, की आपल्याला काय झाले होते ते माणूस आठवू लागतो.

आता पोशाविषयी. पोशा आमच्याकडे बाटल्या भरतो. भिवपुरीच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथला. हिरामणाच्या प्रकरणाआधीच्या उन्हाळ्यात भरताना बाटली फुटली आणि त्याचा एक डोळा गेला. तोंडावर तारेची जाळी बांधूनच भरायचे हा ह्यांच्या वेळेपासूनचा नियम. घाम पुसायला त्याने ती वर केली होती. मी त्याला मुंबईच्या इस्पितळात नेले, पण डोळा वाचला नाही. वकिलाचा माणूस त्या पावसाळ्यात चिखल तुडवत वाडीवर गेला आणि म्हणाला, तुझा तर डोळा गेलाय, तुझा दावा सगळ्यांत पक्का. पोशाने मला हे कामावर आल्यावर सांगितले, बाटल्या धुता धुता.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, जाळी मीच वर केली. बाय नव्हती आली वर कराया."

"अरे, पण डोळा तर गेला ना तुझा."

"गेला. तो कागदानं येतोय का?"

मी त्याच्यापुढून उठून आत गेले. त्याने आपला भाग सांगितला, पण म्हणून माझा भाग फिटत नाही. यंत्र माझे आणि उन्हातले काम माझे. म्हणून लिहिते की शेडच्या मागची माझ्या नावाची जागा व तिच्यावरची खोली पोशा व त्याची बायको कोंडी यांना कायमची दिली आहे. यंत्र कोणीही चालवो, पोशाला कामावरून काढू नये, आणि काम झेपेनासे झाले तरी पगार थांबवू नये. पोस्टात माझ्या नावे जे आहे ते वेगळे ठेवावे. आमच्या बाटलीने किंवा यंत्राने कोणाला खरोखर लागले, तर त्यातून आधी डॉक्टर आणावा आणि मग चौकशी करावी. हा क्रम उलटा करू नये. मला इतके होऊनही मी हे लिहिते आहे, हे लक्षात ठेवावे.

कलम ५. दावा पनवेलच्या कोर्टात उभा राहिला. मी पाटावर बसणारी बाई, बाकावर बसले. दरवाजातून हिरामणाचे वकील आले आणि त्यांच्यामागून त्यांची कागदांची पिशवी सांभाळत माझे दीर विष्णू आले. ते पनवेलला एका वकिलाकडे कारकून आहेत हे मला ठाऊक होते. ते वकील हेच, हे ठाऊक नव्हते. दाव्याचा मसुदा त्यांनीच केला होता. मधल्या सुटीत ते पाणी प्यायला आले तेव्हा मी एवढेच म्हटले, "भावोजी, तुम्ही?"

"वहिनी, धंदा म्हटला की दावे यायचेच," ते म्हणाले. "मी नसतो तर दुसऱ्या कोणी कागद लिहिले असते. मी तेव्हाच सांगत होतो, यंत्र विका."

मी परत बाकावर जाऊन बसले.

हिरामण हात गळ्यात अडकवून आला होता. त्याने सांगायचे ते सांगितले. मग त्याच्या वकिलाने चिंधीला उभे केले, नवऱ्याचे हाल सांगायला. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मनात म्हटले, तिचा काय दोष, नवरा सांगेल ते बोलायचे.

वकील म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला आपल्या हाताने जेवता येत नाही, खरे ना?"

"जेवतो," चिंधी म्हणाली. "आपल्या हातानंच जेवतो. मला मारतो बी त्याच हातानं."

कोर्टात कोणी हसले नाही. वकील गडबडले. "बरे, बाटली कशी फुटली ते तू पाहिले नाहीस."

"बघितली. पैज लागली व्हती. फडक्याबिगर, खुंटीबिगर उघडतो म्हणाला, आन् पाट्यावर आपटली. ताडी प्याला व्हता."

"हे तुला कोणी शिकवले?"

"शिकवलं व्हतं ते दुसरं व्हतं. ते मी इसरली."

न्यायाधीशांनी मान वर केली आणि तिला सावकाश विचारले, हे तिने आधी का सांगितले नाही. ती म्हणाली, "वन्संनी फडकी उकळली, मी बाजूला बसून बघत व्हती. तवाच सांगाया पायजे व्हतं. भ्याली. आता बी भ्याते. पर आता इचारलं तुमी."

दावा फेटाळला गेला. मास्तरांचा कान, घसरलेला पाय आणि लडकूचे पोट त्याच आठवड्यात बरे झाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बाकावर तशीच बसून राहिले होते. कोर्टाच्या पायऱ्यांवर हिरामणाने चिंधीला सर्वांसमक्ष सांगितले, "माज्या दारात पाय ठेवशील तर बघ." तिच्या अंगावरच्या लुगड्याखेरीज तिच्याजवळ काही नव्हते. मी तिचा हात धरला. घरी आल्यावर तिने विचारले, "वन्सं, चूल पेटवू?"

म्हणून फणसे सोडावॉटर कारखाना, शेड, यंत्र, सर्व बाटल्या, खोकी, उधारी व नाव यांसह, मी चिंधी हिला पूर्ण मालकीने देते. नाव बदलायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे. ती आता यंत्र चालवते, जाळी बांधून. भावोजींनी यावर हरकत घेऊ नये. घेतील हे मला ठाऊक आहे, म्हणून पाटल्या मोडल्याची सोनाराची पावती व ह्यांचे लिहून दिलेले डॉक्टरांकडे ठेवले आहे.

कलम ६. हिरामण. त्याला काय द्यावे याचा मी पुष्कळ विचार केला. मी अंथरुणाला खिळले हे ऐकून तो गेल्या आठवड्यात आला. हातात खडीसाखरेचा पुडा. चिंधी यंत्रावर होती, ती आत आली नाही. तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अक्का, झालं गेलं पाण्यात सोड. तिला धाड माज्याबरोबर. घराला घरपण नाय."

माझा अजूनही कोठेतरी त्याच्यावर जीव आहे, हे पाहून मलाच धक्का बसला. मी म्हटले, "हिरामण, मला पैसे नकोत, माफी नको. बाटली तू पाट्यावर आपटलीस, एवढे एकदा माझ्यासमोर म्हण. ऐकायला दुसरे कोणी नाही."

त्याने खडीसाखरेच्या पुड्याचा दोरा सोडला. मला वाटले, आता म्हणेल. मग त्याने दाराकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "वकिलाला इचारून सांगतो."

त्याला काही देत नाही. चिंधीला त्याच्याकडे जावेसे वाटले तर जावे, नको वाटले तर कोणी, अगदी जातीच्या पंचांनीही, तिला जबरदस्ती करू नये. आणि त्याने कधी ते वाक्य म्हटले, मी असो वा नसो, तर त्याला दारात उभे न ठेवता आत बसवावे. वकिलाचे उत्तर आजपर्यंत आलेले नाही.

वरील सर्व मी लिहिले, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले, आणि मला ते मान्य आहे. या कागदाची तामिली डॉक्टर टिपणीस यांनी करावी. चिंधी व पोशा यांना यात मिळकत मिळते, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.

(सही) द्वारकाबाई भ्रतार हरी फणसे

आमच्या समक्ष सही केली, व आम्ही बाईंच्या समक्ष:
१. (सही) भिकाजी रघुनाथ टिपणीस, डॉक्टर, कर्जत
२. (सही) नामा गोविंद शिंपी, स्टेशन बाजार, कर्जत

मुक्काम कर्जत, शके १८५४, मार्गशीर्ष मास, बुधवार, ता. ७ डिसेंबर १९३२